स्फोट झाला, आणि आकाश हललं

आपल्या सातारा-सांगलीकडच्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी मुंबईला गोदीत कामाला असायचं. म्हणून आजची गोष्ट गोदीपासूनच सुरू करूया.

14 एप्रिल 1944. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज उभं होतं. पोटात सुमारे 1,400 टन दारूगोळा, आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठी! दुपारी कापसानं पेट घेतला. 4 वाजून 6 मिनिटांनी पहिला स्फोट झाला, 4 वाजून 34 मिनिटांनी दुसरा. शेकडो माणसं गेली, त्यात अग्निशमन दलाचे 66 जवान. आपण 14 एप्रिलला अग्निशमन दिन पाळतो, तो त्यांच्या आठवणीत. हादरा पार सिमल्याच्या भूकंपमापकावर उमटला.

जमिनीची नोंद झाली. पण वर काय झालं?

मोठा स्फोट हवेला जोरात ढकलतो. ती लाट वर चढते. वर हवा विरळ होत जाते, तसा लाटेचा हेलकावा वाढत जातो. साधारण दहा मिनिटांत ती 300 किलोमीटरवर, आयनोस्फिअरमध्ये पोचते. तिथं सूर्यप्रकाशामुळं अणूंपासून सुटे झालेले इलेक्ट्रॉन असतात. लाट त्यांनाही हलवते.

1 जून 1974 ला इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरोच्या रसायन कारखान्यात स्फोट झाला, 28 जण गेले. त्याची खूण आयनोस्फिअरवरून परतणाऱ्या रेडिओ लहरींत सापडली.

मग आलं बैरूत, 4 ऑगस्ट 2020. बंदरातल्या गोदामात 2,750 टन अमोनियम नायट्रेट फुटलं. आता गंमत बघा. जीपीएसचा सिग्नल आयनोस्फिअरमधून येताना किंचित रेंगाळतो. आम्ही इंजिनिअर लोक त्याला एरर म्हणतो आणि काढून टाकतो. ओडिशातल्या रूरकेलाच्या एनआयटीच्या आणि जपानच्या होक्काइडो विद्यापीठाच्या संशोधकांनी तीच एरर तपासली. तिच्यात त्यांना दक्षिणेकडं सेकंदाला सुमारे 0.8 किलोमीटर वेगानं धावणारी लाट दिसली, ज्वालामुखीच्या उद्रेकाच्या तोडीची!

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आकाशातली नोंद स्फोटानंतर दहा मिनिटांनी होते. मुंबईत आग सुमारे दोन तास आधी दिसली होती. बैरूतचा माल सहा वर्षं गोदामात पडून होता. मोजायला आपण शिकलो. वेळेत ऐकायला कधी शिकणार?

तुमच्या घरात कुणी गोदीत होतं का? आज आजीला नक्की विचारा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.