स्टारच्या बटणामागचं एक्स्चेंज

सोमवारी सकाळी साडेनऊला आमच्या ऑफिसातला एकही फोन वाजत नव्हता. आदल्या रात्री टेलिफोनचा सर्व्हर मीच अपग्रेड केला होता. सर्व्हर चालू होता, नेटवर्क ठीक होतं, आणि चाळीसेक माणसं हेडफोन लावून माझ्याकडे बघत होती. तासाभराने कारण सापडलं. आमचे सगळे फोन ज्या मोड्यूलवर उभे होते, ते नव्या आवृत्तीतून काढूनच टाकलं होतं. त्याची सूचना चार वर्षांपूर्वी दिलेली होती. मी ती वाचली नव्हती.

जुनी आवृत्ती परत चढवून दिवस निभावला. पण जे फुकट मिळतं आणि ज्याच्यावर चाळीस जणांचं काम चालतं, ते नक्की कोण बनवतं, हे मला माहीत नव्हतं. त्या रात्री वाचायला बसलो. या सॉफ्टवेअरचं नाव ॲस्टरिस्क.

गोष्ट १९९९ची. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात ऑबर्न विद्यापीठात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग शिकणाऱ्या मार्क स्पेन्सरने एक छोटी कंपनी काढली. काम काय, तर लिनक्स वापरणाऱ्यांना फोनवरून मदत करायची. भांडवल सुमारे ४,००० डॉलर. आता फोनवरून मदत करायची म्हणजे आलेला कॉल योग्य माणसाकडे वळवणारी यंत्रणा हवी. आपल्याकडच्या ऑफिसांत जिला ईपीएबीएक्स म्हणतात, ती. तिची किंमत या भांडवलात बसणारी नव्हती. मग पठ्ठ्याने ठरवलं, आपणच लिहू. पुढे पिजिन नावाने प्रसिद्ध झालेला चॅट प्रोग्रामही त्यानेच सुरू केला होता, त्यामुळे हे धाडस अगदीच हवेतलं नव्हतं. नाव ठेवलं ॲस्टरिस्क, म्हणजे तारका. फोनवर ते स्टारचं बटण असतं, आणि युनिक्समध्ये त्याच चिन्हाचा अर्थ होतो ‘काहीही चालेल’. कोड त्याने जीपीएल लायसन्सखाली सगळ्यांना खुला केला.

पण नुसत्या कोडने फोन वाजत नाही. टेलिफोनची तार कॉम्प्युटरला जोडणारं कार्ड लागतं. तेव्हाची अशी कार्डं महाग असत, कारण आवाजावरची आकडेमोड करणारी खास चिप कार्डावरच असे. इथे जिम डिक्सन येतो. हा टेलिफोन क्षेत्रातला मुरलेला माणूस. त्याच्या लक्षात आलं की आता कॉम्प्युटरचा साधा प्रोसेसरच इतका वेगवान झालाय, की ती आकडेमोड तोच करू शकेल.

हिशोब असा. टेलिफोनवरच्या आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतात आणि प्रत्येक नमुना ८ बिटांचा असतो. म्हणजे एका संभाषणाला सेकंदाला ६४,००० बिट. डिक्सनचं कार्ड सेकंदाला हजार वेळा प्रोसेसरला हटकायचं आणि दर वेळी प्रत्येक लाइनचे आठ-आठ नमुने हातात द्यायचं. बाकीचं सगळं सॉफ्टवेअरने बघायचं. त्यामुळे कार्डावर फारसं काही उरलंच नाही आणि ते स्वस्त झालं. मेक्सिकोचा क्रांतिकारक एमिलियानो झपाटा याच्यावरून त्याने या प्रकल्पाचं नाव झपाटा ठेवलं, आणि कार्डाचं डिझाइन कुणालाही वापरायला मोकळं करून टाकलं. स्पेन्सरचं सॉफ्टवेअर आणि डिक्सनचं कार्ड एकत्र आलं, तेव्हा ॲस्टरिस्क खऱ्या टेलिफोन लाइनवर बोलू लागलं. मदतकेंद्राचा मूळ धंदा मागे पडला. कंपनी तीच कार्डं विकू लागली आणि तिचं नाव झालं डिजियम.

ॲस्टरिस्कमध्ये एक साधी फाइल असते, तिला डायलप्लॅन म्हणतात. अमुक नंबर दाबला की तमुक फोन वाजव, वीस सेकंदांत उचलला नाही तर निरोप रेकॉर्ड कर, असं त्यात ओळीओळीने लिहायचं. जे काम करायला पूर्वी कंपनीचा माणूस बोलवावा लागे, ते आता माझ्यासारखा कुणीही करू शकत होता. आणि बिघडवूही शकत होता. सप्टेंबर २००४ मध्ये १.० ही आवृत्ती आली.

आता भांडणं. ॲस्टरिस्क जीपीएलखाली फुकट होतं, पण डिजियम तेच सॉफ्टवेअर वेगळ्या व्यापारी लायसन्सवर विकतही असे. ते शक्य व्हावं म्हणून बाहेरून कोड देणाऱ्याला कंपनीशी करार करावा लागे. काहींना हे पटेना. आम्ही फुकट लिहायचं आणि तुम्ही विकायचं, हा कुठला न्याय? त्यांनी २००५ मध्ये वेगळी चूल मांडली. तो प्रकल्प पुढे कॉलवीव्हर नावाने काही वर्षं चालला आणि विझला. दुसरी बाजूही खरी होती. कुणीतरी पगारी माणसं ठेवल्याशिवाय रोजच्या चुका दुरुस्त होत नाहीत, आणि पगाराचे पैसे कुठून तरी यावेच लागतात.

दुसरी फूट रचनेवरून पडली. अँथनी मिनेसाले हा ॲस्टरिस्कमध्येच कोड देणारा. त्याचं म्हणणं, कॉल वाढले की हे अडकतं, पायापासून नवं बांधू या. ते मान्य झालं नाही, तेव्हा त्याने कोऱ्या पाटीवर फ्रीस्विच लिहायला घेतलं. २००८ मध्ये त्याची १.० आली. ऑनलाइन वर्गांसाठी वापरलं जाणारं बिगब्लूबटन आवाजासाठी याच फ्रीस्विचवर चालत आलं आहे. ही फूट मात्र जगली, कारण तिच्यामागे नुसता राग नव्हता, वेगळा आराखडा होता.

ॲस्टरिस्कलाही आपला पाया उकरावा लागलाच. इंटरनेटवर कॉल जोडायची भाषा म्हणजे एसआयपी. ती बोलणारं जुनं मोड्यूल वाढत वाढत एकाच फाइलमध्ये तीस हजारांहून जास्त ओळींचं झालं होतं. २०१३ च्या १२व्या आवृत्तीत पीजेसिपवर आधारलेलं नवं मोड्यूल आलं. २०१९ मध्ये जुनं कालबाह्य ठरवलं आणि २०२३ मध्ये २१व्या आवृत्तीतून काढलं. हेच ते, ज्याने माझा सोमवार खाल्ला. दरम्यान २०१८ मध्ये कॅनडाच्या सँगोमा कंपनीने डिजियम विकत घेतली होती. मालक बदलला, तरी कोड खुला राहिला. लायसन्सचा खरा अर्थ मला इथे कळला.

आपल्याकडे या सर्व्हरचा एक वापर मला फार मोलाचा वाटतो. २०१० मध्ये पत्रकार शुभ्रांशू चौधरी यांनी छत्तीसगडमध्ये सीजीनेट स्वर सुरू केलं. साध्या फोनवरून एका नंबरला कॉल करायचा. आपली बातमी सांगायला एक दाबा, इतरांच्या ऐकायला दोन. रेशन आलं नाही, मजुरी थकली, हातपंप बंद आहे, हे माणसं आपल्या तोंडाने, आपल्या बोलीत सांगू लागली. गडचिरोलीतही बोलली जाणारी गोंडी मोठ्या वर्तमानपत्रांत वाचायला मिळत नाही, पण फोनवर ऐकू येऊ शकते. त्या यंत्रणेच्या मुळाशी ॲस्टरिस्क होतं. महागडं एक्स्चेंज परवडत नाही म्हणून एका विद्यार्थ्याने लिहिलेला कोड, अकरा वर्षांनी, ज्यांना एक्स्चेंज कुणी दिलंच नसतं त्यांच्या कामी आला.

आमच्या ऑफिसचे फोन नव्या मोड्यूलवर हलवायला मला तीन आठवडे लागले. त्या दिवसांत रोज कुणा अनोळखी माणसाने लिहून ठेवलेली उत्तरं वाचत होतो. शेवटी मदतीच्या पानावर एक चुकीचं उदाहरण सापडलं, ते दुरुस्त करून पाठवलं. पाच ओळींचं काम. पण इतकी वर्षं मी फक्त घेत होतो, त्या मानाने सुरुवात म्हणायला हरकत नाही. आणि हो, अपग्रेडच्या सूचना आता आधी वाचतो.