त्वचेवरील स्टेरॉइड मलम : त्याची उत्पत्ति आणि त्याच्या मर्यादा

उमरेड हें नागपूरच्या आग्नेयेस सुमारें ४५ किलोमीटरांवरील तालुक्याचें गांव. रेशीमकांठी वस्त्रांच्या विणकरीसाठीं एके काळीं त्याचें नांव होतें. आतां कोळशाच्या उघड्या खाणीसाठीं आहे, आणि शेजारच्या भिवापूरच्या मिरचीची कीर्ति तर दूरवर पोहोंचलेली आहे. मागावर बसणारा कोष्टी, खाणींतील धूळ अंगावर घेणारा कामगार, धानाच्या बांधींत गुडघाभर चिखलांत उभा राहणारा शेतकरी आणि मिरची तोडणाऱ्या बाया या सर्वांच्या कातडीला घाम, धूळ, ओल आणि तिखट यांचा उपसर्ग नित्याचाच. वैशाखांत पारा ४५ अंशांच्या घरांत गेला कीं जांघेंत व कांखेंत गजकर्ण उठतें, हातापायांवरील इसब चिघळतो, आणि मनुष्य औषधाच्या दुकानाशीं जाऊन 'खाजेचें मलम द्या' एवढेंच सांगतो. त्याच्या हातीं पडणाऱ्या त्या लहानशा नळींत पुष्कळदां स्टेरॉइड असतें. तें कोठून आलें, आणि इतकें गुणकारी असूनहि त्याचे हाल भोगण्याची पाळी लोकांवर कां येते, हें समजण्यास थोडें मागें जावें लागतें.

मनुष्याच्या प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर टोपी घातल्यासारखी एक लहान ग्रंथि असते. तिचें महत्त्व १८५५ सालीं लंडनच्या गाय्ज रुग्णालयांतील थॉमस अ‍ॅडिसन या वैद्यानें प्रथम दाखवून दिलें. ही ग्रंथि निकामी झाली कीं रोगी झिजत जातो, त्याची कातडी काळवंडते आणि अखेर तो दगावतो, असें त्यानें नोंदविलें. त्या ग्रंथींत नेमकें कोणतें द्रव्य आहे, हें कळण्यास मात्र आणखी ऐंशी वर्षें जावीं लागलीं.

१९२९ सालीं अमेरिकेंतील रोचेस्टर येथील मेयो क्लिनिकमध्यें फिलिप हेंच या डॉक्टरानें एक विलक्षण गोष्ट पाहिली. (नागपूरकरांना 'मेयो' म्हटलें कीं आपलें जुनें सरकारी इस्पितळच आठवतें, पण तें हिंदुस्थानचा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याच्या नांवाचें, आणि रोचेस्टरचें मेयो हें एका डॉक्टरी घराण्याचें. दोहोंचा परस्परांशीं कांहीं संबंध नाहीं.) संधिवातानें जखडलेल्या एका रोग्यास कावीळ झाली आणि त्याचे सांधे आपोआप मोकळे झाले. गरोदरपणांतहि स्त्रियांचा संधिवात ओसरतो, हें त्याच्या पुढें ध्यानांत आलें. शरीर स्वतःच असें कांहीं द्रव्य निर्माण करीत असलें पाहिजे, असा त्यानें तर्क बांधला आणि त्या अज्ञात द्रव्याचा पिच्छा वीस वर्षें सोडला नाहीं. त्याच संस्थेंतील एडवर्ड केंडॉल हा रसायनशास्त्रज्ञ व स्वित्झर्लंडमधील टाडेउश राइखश्टाइन हे दोघे त्या ग्रंथीच्या बाह्य भागांतून एकामागून एक द्रव्यें वेगळीं काढीत होते. केंडॉलनें त्यांना क्रमानें इंग्रजी अक्षरें दिलीं; त्यांतील 'ई' हें द्रव्य पुढें कॉर्टिसोन या नांवानें प्रसिद्ध झालें. जनावरांच्या ग्रंथींतून तें इतकें अल्प निघे कीं त्यावर उपचार चालविणें अशक्यच होतें. म्हणून मर्क कंपनीच्या लुइस सॅरेट या तरुण रसायनज्ञानें बैलाच्या पित्तापासून, तीसांहून अधिक पायऱ्यांच्या खटपटीनें, १९४४ च्या सुमारास तें कृत्रिम रीतीनें तयार केलें.

२१ सप्टेंबर १९४८ रोजीं संधिवातानें अंथरुणास खिळलेल्या २९ वर्षांच्या एका स्त्रीस हें द्रव्य प्रथम टोंचण्यांत आलें. थोड्याच दिवसांत ती चालूं लागली. १९४९ सालीं ही वार्ता प्रसिद्ध झाली आणि लगेच १९५० सालीं हेंच, केंडॉल व राइखश्टाइन या तिघांस नोबेल पारितोषिक मिळालें. विज्ञानाच्या इतिहासांत असा तांतडीचा गौरव विरळाच. परंतु औषध चालू राहिलें तसा रोग्यांचा चेहरा चंद्रासारखा वाटोळा होऊं लागला, अंगावर सूज आली, मन अस्वस्थ झालें, आणि औषध थांबवितांच संधिवात पुन्हां उसळला. पोटांतून वा सुईनें घेतलेल्या स्टेरॉइडाची ही किंमत पहिल्या दोनतीन वर्षांतच कळून चुकली होती.

मग कातडीच्या रोगास तें नुसतें वरून लावलें तर? प्रथम कॉर्टिसोनचेंच मलम करून पाहिलें, पण त्याचा गुण येईना. कारण असें कीं कॉर्टिसोनचें कार्यक्षम रूपांतर यकृतांत होतें. कातडीला तें काम पुरेसें साधत नाहीं. तें रूपांतरित द्रव्य म्हणजे 'एफ', अर्थात् हायड्रोकॉर्टिसोन. न्यूयॉर्कच्या मेरिअन सल्झबर्गर व व्हिक्टर विटन या त्वचारोगतज्ज्ञांनीं १९५२ सालीं त्याचें मलम इसबादि रोगांवर लावून पाहिलें आणि तें लागू पडलें. त्यापूर्वीं डांबर, गंधक, जस्तभस्म व निरनिराळे लेप एवढ्यावरच वैद्यांची मदार होती. इसबानें रात्र रात्र खाजविणाऱ्या मुलास प्रथमच शांत झोंप देणारें औषध मिळालें. त्या मलमाच्या पुढील दुरुपयोगाबद्दल बोलतांना हा उपकार विसरणें कृतघ्नपणाचें होईल.

पुढील वीस वर्षें रसायनज्ञांनीं मूळ द्रव्यांत फेरफार करून तें अधिकाधिक तीव्र केलें. मलमाची तीव्रता मोजण्याची एक सोपी रीत १९६२ सालीं मॅकेंझी व स्टफ्टन यांनीं सुचविली : निरोगी कातडीवर औषध लावावें आणि ती जागा किती फिकट पडते तें पाहावें. स्टेरॉइडानें सूक्ष्म रक्तवाहिन्या आंखडतात, म्हणून कातडी पांढुरकी दिसते. बेटामेथॅसोन व क्लोबेटासोल हीं द्रव्यें याच मालिकेंतील. पैकीं क्लोबेटासोल हायड्रोकॉर्टिसोनच्या कित्येक पटींनीं तीव्र आहे. प्रयोगशाळेंतील मोजमापाचें हें फिकेपण पुढें आपल्याकडे 'गोरेपणा' म्हणून विकलें गेलें, हा या कथेंतील सर्वांत खेदाचा भाग होय.

त्याचें असें झालें. अमेरिकेंत क्लिगमन व विलिस यांनीं १९७५ सालीं वांगासाठीं तीन द्रव्यांचें एक मिश्रण सांगितलें. त्यांपैकीं एक स्टेरॉइड होतें. तो उपाय वैद्याच्या देखरेखीखालीं मर्यादित काळ वापरावयाचा होता. आपल्या देशांत तशाच मिश्रणाच्या नळ्या सर्वत्र मिळूं लागल्या आणि उपवर मुलींपासून प्रौढांपर्यंत अनेकांनीं त्या रोजच्या प्रसाधनासारख्या तोंडास चोपडल्या. पहिले कांहीं आठवडे चेहरा खरोखरच उजळतो. नंतर कातडी पातळ होते, तांबड्या शिरा दिसूं लागतात, मुरुमें उठतात, गालांवर लव वाढते. मलम थांबवावें तर चेहरा लाल होऊन असा जळजळतो कीं मनुष्य नाइलाजानें पुन्हां तीच नळी उघडतो. देशांतील निरनिराळ्या शहरांच्या त्वचारोग विभागांत करण्यांत आलेल्या व २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत, चेहऱ्याच्या विकारांनीं आलेल्या २९२६ रोग्यांपैकीं ४३३ जण असें मलम लावीत असल्याचें आढळलें. त्यांतील निम्म्याहून अधिकांस तें डॉक्टरानें सांगितलेलेंच नव्हतें. मैत्रीण, शेजारी, दुकानदार हेच त्यांचे वैद्य.

गजकर्णाची गोष्ट याहूनहि वाईट. गजकर्ण हा बुरशीचा रोग. स्टेरॉइड बुरशीस मारीत नाहीं. तें शरीराचा प्रतिकार तेवढा दाबतें. त्यामुळें खाज व लाली दोन दिवसांत कमी होते, रोगी संतोष पावतो, आणि बुरशी आंतल्या आंत निर्वेधपणें पसरते. चकत्यांची ओळखीची कडा नाहींशी होऊन रोगाचें रूपच पालटतें. म्हणून १९६८ सालीं आइव्ह व मार्क्स या इंग्रज वैद्यांनीं त्यास 'वेष पालटलेलें गजकर्ण' अशा अर्थाचें लॅटिन नांव दिलें. आपल्याकडे तर स्टेरॉइड, जंतुनाशक व बुरशीनाशक अशीं तीनचार द्रव्यें एकाच नळींत घालून विकण्याची प्रथा पडली. गेल्या दशकभरांत देशांत हट्टी गजकर्णाची लाटच आली; त्यांतील एका बुरशीला २०२० सालीं शास्त्रज्ञांनीं जें नांव दिलें, त्यांत 'इंडो' हें अक्षर आहे. नेहमींचें टर्बिनाफीन तिच्यावर पुष्कळदां चालत नाहीं. लाटेचीं कारणें अनेक असलीं तरी या मिश्र मलमांचा त्यांत मोठा वांटा आहे, असें बहुतेक त्वचारोगतज्ज्ञांचें मत आहे. घरांत एकास झालें कीं एकाच टॉवेलानें, एकाच पलंगानें तें सर्वांस होतें, आणि एकच नळी सर्वांच्या अंगावर फिरते.

कायदा काय करीत होता, असा प्रश्न येथें उद्भवतो. औषधांचा कायदा १९४० चा व त्याखालील नियम १९४५ चे. ज्या औषधांस डॉक्टरची चिठ्ठी आवश्यक, त्यांची यादी 'शेड्यूल एच' म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु वरून लावावयाच्या औषधांस तींत सूट होती, आणि त्या एका पळवाटेनें तीव्रांतलें तीव्र मलम साबणासारखें विकलें गेलें. त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेनें दीर्घकाळ पाठपुरावा केल्यावर मार्च २०१८ मध्यें १४ स्टेरॉइडांच्या मलमांसाठीं ही सूट काढण्यांत आली. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत केंद्र सरकारनें ३२८ मिश्र औषधांवर बंदी घातली. त्यांत त्वचेचीं कांहीं मलमेंहि होतीं. कागदावर नियम झाला. पण लहान गांवांत चिठ्ठी न मागणारा दुकानदार आणि चिठ्ठीचे पैसे वांचविणारें गिऱ्हाईक यांची जुनी मैत्री एका राजपत्रानें तुटत नाहीं.

या सर्वांमुळें स्टेरॉइड हें नांव ऐकतांच भेदरून जाणारेहि अनेक आहेत. इसब झालेल्या मुलास आई मलम लावीत नाहीं, मूल रक्त येईपर्यंत खाजवितें, जखमा पिकतात. ही भीतिहि तितकीच हानिकारक आहे. तज्ज्ञानें रोग ओळखून, योग्य तीव्रतेचें मलम, योग्य जागीं, ठरलेल्या दिवसांपुरतें दिलें तर तें सुरक्षित आहे.

जागेचें महत्त्व किती, हें १९६७ सालीं फेल्डमन व मेबाख यांनीं मोजून दाखविलें. हायड्रोकॉर्टिसोन हाताच्या कोपराखालील भागावर लावलें तर शेंकडा १ च्या आसपासच अंगांत मुरतें. कपाळावर त्याच्या सहापट, जबड्यावर तेरापट, आणि पुरुषाच्या अंडकोषाच्या कातडीवर तर चाळीस पटींहून अधिक. म्हणून तळहाताच्या जाड इसबास चालणारी नळी जांघेंत वा तोंडावर लावणें म्हणजे अविचारच होय. पापणीवर व डोळ्यांभोंवतीं बरेच दिवस लावल्यास काचबिंदूचा व मोतीबिंदूचा धोका संभवतो. तान्ह्या मुलाचा लंगोट, विशेषतः प्लास्टिकचा, घट्ट पट्टीचेंच काम करतो आणि औषध अधिक मुरवितो.

मात्रेसाठीं कार्डिफ येथील लाँग व फिनले यांनीं १९९१ सालीं एक घरगुती माप दिलें : प्रौढ माणसाच्या तर्जनीच्या टोंकापासून पहिल्या पेऱ्याच्या रेषेपर्यंत नळींतून पिळलेली मलमाची रेघ. ही सुमारें अर्धा ग्रॅम भरते, आणि बोटांसह दोन तळहातांएवढ्या कातडीस पुरते. मलम दिवसांतून एकदां, फार तर दोनदां, पातळ लावावें. जास्त वेळां लावल्यानें गुण वाढत नाहीं. क्लोबेटासोलसारखें अतितीव्र मलम सलग दोन आठवड्यांहून अधिक व आठवड्यास ५० ग्रॅमहून अधिक वापरूं नये. कातडी कोरडी असल्यास साधें स्निग्ध मलम वा खोबरेल सढळ हातानें लावावें, म्हणजे स्टेरॉइडाची गरजच कमी पडते. महिनोन् महिने मलम लावीत आलेल्यानें मात्र तें एकदम टाकून न देतां डॉक्टरच्या सल्ल्यानें हळूहळू उतरवावें. वाटोळें, कडेनें वाढत जाणारें, घरांत दुसऱ्यासहि झालेलें असें जें खाजेचें चकंदळ असेल, त्यावर निदान होईपर्यंत यांतील कोणतीहि नळी लावूं नये. नळीवरील नांव वाचतांना बेटामेथॅसोन, क्लोबेटासोल, मोमेटॅसोन, फ्लुओसिनोलोन यांपैकीं एखादें दिसलें, तर त्या नळींत स्टेरॉइड आहे असें समजावें. हीं नांवें बहुधा खोक्याच्या बाजूस, अगदीं बारीक अक्षरांत छापलेलीं असतात.