पागेतली पुस्तके : किक्कुलीपासून ॲना स्युएलपर्यंत

१/ ऐक, तेरा, पंझा, सत्ता, नवा. या शब्दांचा अर्थ मराठी वाचकाला सांगावा लागत नाही. मात्र ते मराठीतले नाहीत, संस्कृतातलेही नाहीत. आजच्या तुर्कस्तानात सापडलेल्या, सुमारे ३,४०० वर्षांपूर्वी रचलेल्या एका ग्रंथात ते आले आहेत, आणि त्या ग्रंथाचा विषय आहे रथाच्या घोड्यांची तालीम. घोडेप्रेमी ज्यांच्याकडे पुन:पुन्हा वळत आले, अशा काही पुस्तकांचा हा धागा.

२/ हित्ती साम्राज्याची राजधानी हत्तुशा. १९०६ पासून तेथे झालेल्या उत्खननात कीलाक्षरी लिपीतील मातीच्या हजारो पाट्या निघाल्या. त्यांतल्या चार पाट्यांवर एका माणसाने आरंभीच आपली ओळख दिली आहे : नाव किक्कुली, देश मितान्नी, व्यवसाय घोड्यांना शिकवणे. ग्रंथ हित्ती भाषेत आहे. पण धावपट्टीवरील फेऱ्या मोजण्याची वेळ आली, की तो ‘ऐकवर्तन्ना’, ‘तेरावर्तन्ना’, ‘पंझावर्तन्ना’ असे शब्द वापरतो. एक फेरी, तीन फेऱ्या, पाच फेऱ्या. त्यातले ‘वर्तन’ म्हणजे आपल्या ‘आवर्तना’तलेच.

३/ मितान्नीची प्रजा हुर्री भाषा बोले. मग घोड्यांच्या तालमीचे शब्द भारतीय-आर्य वळणाचे कसे? आपल्या पागेकडे पाहा. लगाम, रिकीब, खोगीर, चाबूक, नाल : यांतला एकही शब्द मुळात मराठी नाही, सारे फारसी-अरबीतून आलेले. विद्या ज्यांच्याकडून येते, त्यांचे शब्दही तिच्याबरोबर येतात आणि शिकवणारे निघून गेल्यावरही मागे राहतात. याच मितान्नीच्या राजाने हित्ती राजाशी केलेल्या करारात मित्र, वरुण, इंद्र यांच्याबरोबर नासत्यांनाही साक्षीला बोलावले आहे. नासत्य म्हणजे अश्विनीकुमार.

४/ किक्कुलीचा ग्रंथ म्हणजे सुमारे सात महिन्यांची काटेकोर दिनचर्या. कोणत्या दिवशी किती अंतर धावायचे, रात्री केव्हा जुंपायचे, नदीवर किती वेळा धुवायचे, जव किती, गवत किती, पाणी केव्हा तोडायचे. १९९१ साली ऑस्ट्रेलियातील अभ्यासक ॲन नायलंड यांनी अरबी घोड्यांवर हाच कार्यक्रम राबवून पाहिला. थोडे श्रम, मग विश्रांती, मग अधिक श्रम ही त्याची पद्धत आजच्या क्रीडाप्रशिक्षकालाही ओळखीची वाटते.

५/ एवढ्या सूक्ष्म ग्रंथात एक गोष्ट मात्र शोधूनही सापडत नाही. घोडा काय खातो, किती धावतो, केव्हा झोपतो, हे सारे आहे. घोड्याला काय वाटते, हे नाही. किक्कुलीला तो प्रश्न पडला नसेल असे मी म्हणणार नाही. सात महिने घोड्यांबरोबर काढणाऱ्याला तो पडतोच. पण लिहिण्याजोगा वाटला नाही. तो प्रश्न कागदावर येण्यासाठी हजार वर्षे जावी लागली.

६/ झेनोफन हा अथेन्सचा. सॉक्रेटिसाचा शिष्य, सैनिक, इतिहासकार. इ.स.पू. ४०१ मध्ये इराणी राजपुत्र सायरसच्या पदरी भाडोत्री सैनिक म्हणून गेलेल्या सुमारे दहा हजार ग्रीकांत तो होता. सायरस रणात पडला, सेनापती दगाफटक्याने मारले गेले, आणि शत्रूच्या मुलखात अडकलेल्या या फौजेच्या नव्या नायकांत झेनोफनची निवड झाली. ग्रीकांजवळ घोडदळ नव्हते, इराण्यांजवळ ते मुबलक. त्याने सैनिकांना धीर दिला तो असा : घोड्याच्या चाव्याने किंवा लाथेने लढाईत कोणी मेल्याचे ऐकले आहे काय? मारतात ती माणसेच. आणि स्वाराला तर शत्रूइतकेच पडण्याचे भय असते. भाषण ठाकठीक झाले. पण थोड्याच दिवसांत इराणी स्वारांनी पिछाडी इतकी सतावली, की त्याच झेनोफनला सामान वाहणाऱ्या घोड्यांतून निवड करून ५० स्वारांचे पथक उभे करावे लागले!

७/ त्या परतीच्या प्रवासाच्या अखेरीस एक लहानशी घटना आहे, आणि मला ती साऱ्या लढायांपेक्षा महत्त्वाची वाटते. लॅम्प्सॅकस या गावी पोहोचेपर्यंत झेनोफनजवळ वाटखर्चालाही पैसे उरले नव्हते. त्याने आपला घोडा ५० दारिकांना विकला. दारिक म्हणजे इराणी सोन्याचे नाणे. पुढे दोन परिचितांनी तो घोडा परत विकत घेतला आणि त्याला आणून दिला. याचा या घोड्यावर जीव आहे, हे त्यांच्या कानावर आले होते. किंमत देऊ केली, ती त्यांनी घेतली नाही. एवढेच तो लिहितो आणि पुढच्या मजलेकडे वळतो.

८/ हाच माणूस म्हातारपणी ‘अश्वारोहणाविषयी’ हे छोटे पुस्तक लिहितो. आपल्या तरुण मित्रांसाठी, असे तो आरंभीच सांगतो. त्याच्या आधी सायमन नावाच्या अथेनियनाने याच विषयावर लिहिले होते. त्याच्याशी आपले मत जुळते म्हणून तेवढा भाग गाळणार नाही, उलट दोघांचे एकमत आहे हे पाहून मित्रांचा विश्वास वाढेल, असे झेनोफन म्हणतो. पूर्वसुरींचे ऋण असे मोकळेपणाने मान्य करणारे लेखक आजही फार नाहीत.

९/ पुस्तकातला सल्ला रोखठोक आहे. घोडा घेताना प्रथम मान नव्हे, खूर पाहा. पाया कच्चा असेल तर वरचे घर देखणे असून काय उपयोग? खिळे ठोकून बसवण्याचे नाल ग्रीकांना ठाऊक नव्हते, म्हणून खूर टणक व्हावेत यासाठी तबेल्याबाहेर वाटोळे दगड अंथरून त्यांवर घोडा उभा करावा. खोगीर नव्हते, रिकीब नव्हती; म्हणून स्वाराने मांड कशी टाकावी याचे तपशीलवार वर्णन.

१०/ आणि मग तो मुद्दा, ज्यासाठी हे पुस्तक जिवंत राहिले. रागाच्या भरात घोड्याजवळ जाऊ नये. घोडा एखाद्या वस्तूला बुजला तर त्याला मारू नये. मार बसला, की भीती आणि वेदना यांची त्याच्या मनात सांगड बसते आणि ती वस्तू त्याला अधिकच भयंकर वाटू लागते. धीराने तिच्याजवळ न्यावे, पाहू द्यावे. जबरदस्तीने करवून घेतलेल्या कृतीत घोड्याला समज नसते, शोभाही नसते, हे मत तो सायमनच्या नावावर देतो. चाबकाखाली नाचणाऱ्या नर्तकाची उपमाही त्याच ठिकाणी आहे. घोड्याच्या बाजूने उभा राहून लिहिलेला, आज पूर्णपणे उपलब्ध असलेला हा पहिला ग्रंथ.

११/ चांगले पुस्तक वाचून माणूस शहाणा होतोच असे नाही, याचा पुरावाही याच परंपरेत आहे. १६व्या शतकात झेनोफन छापून निघाला, युरोपभर वाचला गेला. १५५० साली नेपल्सच्या फेदेरिको ग्रिसोने याचे अश्वारोहणाचे पुस्तक आले आणि गाजले. त्यात झेनोफनच्या खुणा जागोजाग दिसतात. हळुवार हाताची स्तुती आहे, घोड्याला थोपटण्याचा उपदेश आहे. आणि अडून बसलेल्या घोड्यासाठी उपाय? लांब काठीच्या टोकाला मांजर उलटे बांधून ते त्याच्या मागच्या पायांशी न्यावे! जळते गवत आहे, काठीचे फटके आहेत. ग्रिसोनेने पुस्तक वाचले होते. त्यातला पेच त्याला दिसला नव्हता, इतकेच.

१२/ सुदैवाने गोष्ट तेथे थांबली नाही. नेपल्समध्येच विद्या शिकलेला फ्रेंच अश्वगुरू आंत्वान द प्लुविनेल याने तेराव्या लुईला घोड्यावर बसायला शिकवले. गुरू आणि बालराजा यांच्या संवादाच्या रूपातला त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६२३ साली निघाला. घोड्याची बुद्धी राबवावी, शिक्षा क्वचित आणि कौतुक वारंवार, हा त्याचा आग्रह. पुढे १७३३ साली द ला गेरिनिएरचा ग्रंथ आला. व्हिएन्नाची प्रसिद्ध स्पॅनिश अश्वशाळा आजही त्यालाच प्रमाण मानते.

१३/ मग आपल्याकडे काय होते? पुष्कळच होते. शालिहोत्र हे अश्वविद्येच्या आद्य आचार्याचे नाव. त्यावरून शास्त्राचे नाव पडले आणि पुढे हिंदुस्थानी बोलीत घोड्यांचा वैद्य ‘सालोतरी’ झाला. नकुलाच्या नावावरचे अश्वशास्त्र आहे. विराटाच्या पागेत ग्रंथिक या नावाने राबलेला तोच हा पांडव. जयदत्ताचे ‘अश्ववैद्यक’ आहे. अग्निपुराणात अश्ववाहन आणि अश्वचिकित्सा यांवर अध्याय आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने १२व्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त घोड्यावर बसून खेळायच्या चेंडूच्या खेळावर स्वतंत्र प्रकरण आहे. तंजावरच्या मराठी राजांनी जोपासलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात अश्वशास्त्राची सचित्र पोथी आजही जपलेली आहे.

१४/ ही विद्या संस्कृतातून फारसीत गेली, तेथे तिला ‘फरसनामा’ हे नाव मिळाले. १७८८ साली कलकत्त्यात जोसेफ अर्ल्स याने ‘सालोतर’ इंग्रजीत आणले. उर्दू कवी सआदत यार खान ‘रंगीन’ याने १७९५ साली फरसनामा लिहिला. तो १९११ मध्ये फिलट या इंग्रज अधिकाऱ्याने भाषांतरित केला. अंगावरचे भोवरे, कपाळावरचा टिळा, पायांचे पांढरे : कोणता घोडा धन्याला लाभेल, कोणता घात करील, याची त्यात मोठी चर्चा आहे. औषधांची प्रकरणे अनुभवातून आलेली वाटतात. भोवऱ्यांची प्रकरणे वाचताना मात्र माझे मन त्या घोड्याकडे जाते, ज्याचा दोष एवढाच, की त्याच्या अंगावर केस चुकीच्या जागी वळले.

१५/ शेवटचे पुस्तक मुलांच्या कपाटात सापडेल. ॲना स्युएल १८२० साली इंग्लंडमधील ग्रेट यार्मथ येथे जन्मली. १४ व्या वर्षी शाळेतून परतताना घसरून पडली आणि दोन्ही घोटे कायमचे अधू झाले. तेव्हापासून कोठेही जायचे तर घोडागाडीतून. ज्याच्या पायांवर आपले चालणे अवलंबून आहे, त्याच्याकडे माणूस लक्ष देऊ लागतो.

१६/ १८७१ ते १८७७ या वर्षांत, बहुतेक काळ अंथरुणावर पडून, तिने ‘ब्लॅक ब्यूटी’ लिहिले. हातात पेन्सिल धरवेनाशी झाली तेव्हा आईला मजकूर सांगितला. ते तिचे एकमेव पुस्तक. त्यात काळा घोडा स्वत:ची हकीकत स्वत: सांगतो, आणि मुखपृष्ठानंतरच्या पानावर तर पुस्तक घोड्यांच्या भाषेतून अनुवादित असल्याचे म्हटले आहे. किक्कुलीच्या पाट्यांवर जे नव्हते, तेच येथे संपूर्ण पुस्तक झाले. आणि तिने ते मुलांसाठी लिहिले नव्हते. मोतद्दार, गाडीवान, घोड्यांवर पोट भरणारी माणसे, हे तिच्या डोळ्यांसमोरचे वाचक होते.

१७/ तिचा रोख एका विशिष्ट गोष्टीवर होता. त्या काळच्या श्रीमंती गाड्यांच्या घोड्यांना एक जादा पट्टा लावीत. लगामाच्या कड्यापासून तो पाठीवरील साजात अडकवलेला असे आणि घोड्याची मान सतत उंच ताणून धरी. रुबाबदार दिसे! पण चढणीवर ओझे ओढताना घोड्याला मान खाली घालून अंगाचा जोर लावावा लागतो, आणि ते या पट्ट्याने अशक्य होई. श्वास कोंडे, मान आणि पाठ जन्माची दुखावत. पुस्तकातली जिंजर नावाची घोडी याच मार्गाने खचत जाते आणि शेवटी भाड्याच्या गाडीला जुंपून मरते.

१८/ नोव्हेंबर १८७७ मध्ये पुस्तक निघाले. १८९० साली बॉस्टनमध्ये जॉर्ज एंजेल यांनी त्याची अमेरिकी आवृत्ती काढली, ‘घोड्यांचे अंकल टॉम्स केबिन’ अशी जाहिरात करून, आणि ते घोडे हाकणाऱ्यांच्या हातांत पोहोचावे म्हणून मोठ्या संख्येने वाटले. तो मान ताणणारा पट्टा पुढे हळूहळू लोकांच्या मनातून उतरला.

१९/ ॲनाने यातले फारसे काही पाहिले नाही. पुस्तक निघाल्यावर पाचच महिन्यांनी, एप्रिल १८७८ मध्ये ती वारली. अंत्ययात्रेच्या गाड्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्या घोड्यांच्या माना त्याच पट्ट्यांनी ताणलेल्या आहेत, हे तिच्या आईला दिसले. तिने ते सारे पट्टे काढायला लावले, आणि मगच गाड्या निघाल्या.