आपल्या हातून दुसऱ्याचे नुकसान झाल्यास : कुटुंबासाठी दायित्व विम्याची माहिती

समजा, घरातील मुलगा दुचाकीवरून बाजारात निघाला आणि वाटेत एका पादचाऱ्याला धडक बसली. पादचाऱ्याचा पाय मोडला, काही महिने त्याची मजुरी बुडाली. हा खर्च कोणी द्यायचा? घरातील सर्वांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत नोंदणी आहे, म्हणून तीच योजना हा खर्च देईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण तसे होत नाही. ती योजना नोंदणी केलेल्या व्यक्तीसाठी आणि तिच्या वारसांसाठी आहे. आपल्यामुळे दुसऱ्याला झालेल्या हानीसाठी वेगळा विमा लागतो. त्याला दायित्व विमा म्हणतात.

कोणत्या विम्यातून कोणाला पैसे मिळतात?

- प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना : वय १८ ते ७० वर्षे, बँक किंवा टपाल खाते आवश्यक, वार्षिक हप्ता २० रुपये. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आल्यास २ लाख रुपये, अंशतः कायमचे अपंगत्व आल्यास १ लाख रुपये. लाभ खातेदाराला किंवा त्याच्या वारसाला मिळतो.
- भारत गृह रक्षा : आग, पूर, भूकंप यांसारख्या कारणांनी आपल्या घराचे व घरातील सामानाचे झालेले नुकसान. ही प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून उपलब्ध आहे.
- वाहनाचा तृतीय पक्ष विमा : आपल्या वाहनामुळे दुसऱ्याचा मृत्यू, त्याला झालेली इजा किंवा त्याच्या मालमत्तेचे नुकसान. पैसे समोरच्या व्यक्तीला मिळतात.

पहिल्या दोन विम्यांतून स्वतःची हानी भरून निघते. दुसऱ्याचे देणे फक्त तिसऱ्या विम्यातून भागते.

तृतीय पक्ष विमा कोणाला बंधनकारक आहे?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ नुसार सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवायचे असल्यास हा विमा असणे आवश्यक आहे. गावातल्या गावात किंवा शेतापर्यंतच वाहन नेतो, हे कारण चालत नाही. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार ७५ ते १५० सीसी दुचाकीचा वार्षिक हप्ता ७१४ रुपये आहे, कर वेगळा.

१ सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकी घेताना हा विमा पाच वर्षांसाठी आणि नवीन मोटारीसाठी तीन वर्षांसाठी घ्यावा लागतो. ही मुदत संपल्यावर नूतनीकरण मालकालाच करावे लागते. पॉलिसीवरील शेवटची तारीख आजच पाहून घ्यावी.

मृत्यू किंवा शारीरिक इजा झाल्यास न्यायाधिकरण जी भरपाई ठरवेल, ती विमा कंपनीला द्यावी लागते. मालमत्तेच्या नुकसानीला मात्र मर्यादा असते : दुचाकीसाठी सर्वसाधारणपणे १ लाख रुपये आणि मोटारीसाठी ७.५ लाख रुपये. त्यावरील रक्कम वाहनमालकाला स्वतः भरावी लागते.

विमा नसेल तर काय होते?

पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यानंतरच्या गुन्ह्यासाठी दंड ४,००० रुपये आहे. पण खरा भार दंडाचा नसतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने ठरवलेली संपूर्ण भरपाई मालकाच्या अंगावर येते, आणि ती कित्येक लाखांची असू शकते. ती न भरल्यास कलम १७४ नुसार जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. म्हणजेच वर्षाला काहीशे रुपयांचा हप्ता चुकवल्यामुळे घर किंवा शेतीवर जप्ती येऊ शकते.

विमा असूनही अडचण केव्हा येते?

- चालकाकडे वैध परवाना नसल्यास : न्यायाधिकरण विमा कंपनीला आधी भरपाई देण्यास आणि नंतर ती मालकाकडून वसूल करण्यास सांगू शकते.
- अल्पवयीन मुलाने वाहन चालवल्यास : कलम १९९-अ नुसार पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते.
- वाहन विकूनही नाव न बदलल्यास : परिवहन कार्यालयाच्या नोंदीत ज्याचे नाव, तोच मालक मानला जातो. साध्या कागदावरील विक्रीची चिठ्ठी पुरेशी नाही. विक्री होताच हस्तांतरणाची नोंद करून घ्यावी.

स्वयंपाकाच्या गॅसचा अपघात झाल्यास?

उज्ज्वला योजनेच्या लाभार्थ्यांसह सर्व नोंदणीकृत गॅस ग्राहकांसाठी तेल कंपन्या सार्वजनिक दायित्व विमा घेतात. ग्राहकाला वेगळा हप्ता भरावा लागत नाही. गॅसमुळे झालेल्या अपघातात मृत्यू झाल्यास प्रतिव्यक्ती ६ लाख रुपये, उपचारासाठी प्रतिव्यक्ती २ लाख रुपयांपर्यंत (एका घटनेसाठी एकूण ३० लाख रुपयांपर्यंत) आणि ग्राहकाच्या नोंदणीकृत जागेतील मालमत्तेच्या नुकसानीसाठी २ लाख रुपयांपर्यंत तरतूद आहे. अपघात झाल्यास वितरकाला लगेच लेखी कळवावे. पुढे तेल कंपनी आणि विमा कंपनीला कळवण्याचे काम त्याचे आहे. गॅसगळतीसाठी मदत क्रमांक १९०६ आहे.

‘अंब्रेला’ पॉलिसी म्हणजे काय?

वाहन आणि घराच्या विम्यातील दायित्वाची मर्यादा संपल्यावर उरलेली रक्कम देणाऱ्या वरच्या विम्याला अंब्रेला, म्हणजे छत्री पॉलिसी म्हणतात. अमेरिकेत अनेक कुटुंबे ती घेतात. तेथेही मूळ विमे चालू असल्याशिवाय ती मिळत नाही. भारतातील सर्वसामान्य कुटुंबासाठी पहिली गरज मूळ विम्याची आहे. काही विमा कंपन्यांच्या घरगुती पॅकेज पॉलिसीत सार्वजनिक दायित्वाचा ऐच्छिक भाग असतो. तो घेण्यापूर्वी मर्यादा आणि वगळलेल्या बाबी वाचून घ्याव्यात.

आपल्या वाहनाने अपघात झाल्यास काय करावे?

१. जखमीला तत्काळ रुग्णालयात न्यावे. ११२ वर कॉल करावा. २०२५ च्या रोकडरहित उपचार योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीला नियुक्त रुग्णालयात अपघाताच्या तारखेपासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात.
२. पोलिसांना आणि विमा कंपनीला कळवावे. घटनास्थळावरून पळून जाऊ नये.
३. वाहन नोंदणी पुस्तिका, परवाना आणि पॉलिसीच्या प्रती जवळ ठेवाव्यात.
४. विमा कंपनीच्या संमतीशिवाय भरपाईचे लेखी आश्वासन देऊ नये.
५. न्यायाधिकरणाची नोटीस आल्यास दुर्लक्ष करू नये. गैरहजर राहिल्यास आपले म्हणणे न ऐकताच निर्णय होऊ शकतो.

जखमी व्यक्ती आपल्या घरातील असल्यास भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करावा, अशी कायद्यात तरतूद आहे. धडक देऊन पळालेल्या वाहनाचा शोध न लागल्यास मृत्यूसाठी २ लाख रुपये आणि गंभीर इजेसाठी ५०,००० रुपये मिळतात. त्यासाठी तहसील किंवा उपविभागीय कार्यालयात चौकशी करावी.

मदत कोठे मिळेल?

महिला, अनुसूचित जाती व जमातीच्या व्यक्ती आणि इतर पात्र व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. मदत क्रमांक १५१००. आपल्या विमा कंपनीविरुद्धची तक्रार १५५२५५ या क्रमांकावर नोंदवता येते. तरीही निवारण न झाल्यास विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.