खिडकीबाहेरची डिश

टीव्हीचे उपग्रह विषुववृत्तावर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर. म्हणून युरोपात डिशचे तोंड दक्षिणेकडेच हवे. आणि भाडेकरूच्या हाती असते ती फार तर एखादी बाल्कनी किंवा खिडकी. जर्मनीच्या संविधान न्यायालयाने १९९४ मध्येच एका तुर्की भाडेकरूच्या डिशची बाजू घेतली होती.

स्वीडनमधला खटला मला जास्त बोलका वाटतो. स्टॉकहोमच्या रिंकबी उपनगरात एका इराकी वंशाच्या दांपत्याने अरबी आणि फारसी वाहिन्यांसाठी डिश लावली. भाडेकरारानुसार बाहेर काही लावायला मनाई. घरमालक कोर्टात गेला, तेव्हा यांनी स्वयंपाकघरात लोखंडी स्टँड उभा केला, त्याचा दांडा खिडकीतून बाहेर काढला आणि त्यावर डिश बसवली. भिंतीला धक्काही नाही! तरी करार रद्द झाला. तीन मुलांसह घर सोडावे लागले.

डिसेंबर २००८ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने स्वीडनविरुद्ध निकाल दिला. माहिती मिळवण्याच्या स्वातंत्र्यात निव्वळ करमणूकही येते. मायदेशाच्या भाषेशी नाते टिकवू पाहणाऱ्या कुटुंबाला परदेशी वृत्तपत्रे किंवा रेडिओ हा टीव्हीला पर्याय नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. तोवर रिंकबीचे घर सुटून दोन वर्षे उलटून गेली होती.