घोड्यांची पात, छपराखाली

आपल्या खळ्यात तिवड्याभोवती बैलांची पात फिरे. स्कॉटलंडात पावसाचा भरवसा नाही. मळणी कोठारातच, काठ्यांनी झोडपून. १७८६ च्या सुमारास ईस्ट लोदियनमधल्या अँड्र्यू मीकल या कारागिराने मळणीयंत्र बनवलं अन् शेतवाड्याचं रूपच पालटलं. कोठाराला चिकटून गोल घर उठलं. त्यात घोडे फिरत, दांडा भिंतीतून आत जाऊन यंत्र चालवी. पेंढा लगेच चौकातल्या गुरांच्या पायाखाली, तिथंच खत तयार. धान्य मात्र गाडीखान्याच्या माडीवर. जमिनीची ओल लागायला नको ना! पुढे वाफेचं इंजिन आलं, घोडे सुटले. गोल घरं काही ठिकाणी अजून उभी आहेत. पण झोडपणीवर हिवाळा काढणारे मजूर? इंग्लंडात १८३० साली त्यांनी अशी यंत्रं फोडली.