मोळीचा परवाना

पेठ-कळवणच्या डोंगरांत रानातून सरपण आणणं ही वाडवडिलांपासूनची वहिवाट. 1878 च्या जंगल कायद्यानं जंगलाचे राखीव आणि संरक्षित असे भाग पाडले. राखीव जंगलात मोकळीक दिली नसेल ते सारं मना. वहिवाटीची सवलत झाली. आणि सवलत म्हटली की ती देणारा आला, त्याचा कागद आला.

1927 च्या कायद्यातली वनोपजाची व्याख्या तर पाहण्याजोगी आहे. मोहाची फुलं, हिरडा, लाख, कोळसा हे जंगलात मिळो की जंगलाबाहेर, वनोपजच! म्हणजे स्वतःच्या बांधावरच्या मोहाखाली वेचलेली फुलंसुद्धा. ती बाजारी न्यायची तर पासाचा प्रश्न आलाच. 1930 साली लोक विळे-कोयते घेऊन राखीव जंगलात शिरले, आपल्या बागलाणातही शिरले, ते काही उगाच नव्हे.

2006 च्या वनहक्क कायद्यानं काटक्या, मध, कंद, बांबू, तेंदूपानं यांवर परंपरेनं वेचणाऱ्यांची मालकी मानली. पण नियमांत एक मेख राहिली. माल न्यायचा तो डोईवर, सायकलीवर नाहीतर हातगाडीवर. मोटारीला जुनेच नियम. आता बांबूचा भारा घाट उतरून डोईवर किती न्यायचा? 2012 साली ही मेख निघाली. तेव्हापासून या मालाचा वाहतूक परवाना द्यायचा तो ग्रामसभेच्या समितीनं, आणि माल गोळा करण्यावर फी नाही.

गुरुजी, पुढच्या ग्रामसभेत हा नियम एकदा मोठ्यानं वाचून दाखवाल का?